जावयाच्या आवडीची बिअर

मामा, काल तुमचा दहावा झाला आणि आज सकाळपासून मला तंजावूरच्या या घरात एका जागी बसवत नाही. तिण्णैवर, म्हणजे तुमच्या पुढच्या ओट्यावर, भेटायला आलेली माणसं बसली आहेत. मी त्यांच्यात जाऊन बसतो, लगेच उठतो, न्हाणीघरापर्यंत जातो, तिथे काही काम नसतं म्हणून परत येतो. तुमची लेक सुगुणा म्हणाली, “अरे, बस ना जरा. तुझ्याकडे बघून मला गरगरतंय.” म्हणून हा कागद घेतला. निदान हाताला काम.

तुम्हाला देवनागरी वाचता येत नव्हती. मराठी घरात बोलायची आणि लिहायची वेळ आलीच तर तमिळ अक्षरांत लिहायची, ही तुमची रीत. म्हणजे तुम्ही असतात तरी हे वाचू शकला नसतात. तेव्हा तुम्ही गेल्यामुळे या कागदाचं काही बिघडलेलं नाही. बघा, असले मुद्दे काढत बसलोय मी. तुम्ही असतात तर यावरही वाद घातला असतात.

तुमच्या श्रीधरने पेपरात द्यायचा मजकूर तयार केला आहे. तो अमेरिकेहून आला तेव्हा सगळं आटोपलं होतं, त्यामुळे बिचारा मिळेल ते काम ओढून घेतोय. वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक, निष्कलंक सेवा, मागे एक मुलगा, एक मुलगी, जावई आणि नात. सगळं खरं आहे. बिअरचा त्यात उल्लेख नाही, आणि येणार तरी कसा? राजवाड्यामागच्या गल्लीत जन्म काढलेल्या, दारूच्या थेंबालाही न शिवलेल्या, आणि घरात असलं काही करणं कायद्यात बसत नाही हे पक्कं ठाऊक असलेल्या सरकारी माणसाने जावयासाठी न्हाणीघरात बिअर केली, हे कोण छापणार. ते मलाच लिहायला हवं.

पण बिअरच्या आधी ती पंगत. तिच्यावरून मी अजून चिडतो. मी पेणचा. कॉम्प्युटरच्या ट्रेनिंगला मद्रासला आलो, चेन्नई हे नाव पडायच्या आधीची गोष्ट, आणि तिथे तमिळ बोलणारी, केसांत मोगरा घालणारी एक मुलगी मला म्हणाली की तिच्या घरात मराठी बोलतात. मला ती थाप वाटली. सहा महिन्यांनी मी मुंडावळ्या बांधून तुमच्या दारात बसलो होतो. पंगतीत तुम्ही स्वतः बादली घेऊन वाढत होतात. आमच्या भाऊकाकांपुढे वाकून अगत्याने विचारलंत, “तुम्हांस आणखी काय होणें?”

तुमच्याकडे ‘होणें’ म्हणजे हवं असणं. आमच्याकडे होणं म्हणजे घडणं, नाहीतर आजार होणं. भाऊकाका म्हणाले, “आम्हाला काय होणार? आम्ही ठणठणीत आहोत.” सगळी पंगत हसली. मग दिवसभर आमची माणसं एकमेकांना तेच विचारत होती. तुमच्या घराण्याने तीन शतकं सांभाळलेला शब्द, आणि आमच्याकडच्यांनी त्याचा एका दुपारी विनोद करून टाकला. तुमचा हात पळीवर थांबलेला मी पाहिला. मग तुम्ही पुढच्या पानाकडे गेलात आणि म्हणालात, “सम मोअर राइस, सर?”

तेव्हापासून पेणच्या माणसांशी तुम्ही फक्त इंग्रजीत बोललात. माझ्याशीसुद्धा. मी ‘मिस्टर विवेक’ झालो. निरोप घेताना वाकून नमस्कार केला तर म्हणालात, “गॉड ब्लेस यू, मिस्टर विवेक. प्लीज बी कम्फर्टेबल.” सासऱ्याने असं बोलल्यावर कोणाला कम्फर्टेबल वाटेल? माझे वडील मी शाळेत असताना गेले. घरातल्या मोठ्या पुरुषाने आपल्याला ‘अरे’ म्हणावं, ही माझी राहून गेलेली हौस होती. सासुरवाडीकडून मला दुसरं काही नको होतं. तुम्ही माझ्याशी मराठीत बोलावं, एवढंच हवं होतं, आणि नेमकं तेच तुम्ही कुलूपबंद करून ठेवलं होतंत.

आम्ही पुण्यात बिऱ्हाड केलं आणि मग आली आमची पहिली दिवाळी. जावयाने यायचं आणि सासूने त्याच्या आवडीचं करायचं, हे दोन्हीकडे सारखंच. जावई दशमग्रह असतो हेही दोन्हीकडे सारखंच. तुम्ही आणि मामी (सासू-सासऱ्यांना तुमच्याकडे मामा-मामीच म्हणतात) मोठ्या बसस्टँडजवळच्या एसटीडी बूथवर गेलात, पेणला माझ्या आईला विचारायला की विवेकला काय आवडतं. तुम्ही मराठी बोलणार नाही आणि आईला इंग्रजी येत नाही, म्हणून फोन मामींच्या हातात. तुम्ही काचेच्या बाहेर. पुढचं सगळं मला मामींनीच सांगितलं, पुष्कळ नंतर, तोंडाला पदर लावून.

लाइनवर खरखर होती. आईचं अर्धं ऐकू येत होतं, अर्धं नाही. मामींनी दार किलकिलं करून तुम्हाला सांगितलं, “बीर म्हणतात.”

“बीर?” तुम्ही विचारलंत. बिअरला तुमच्याकडे बीरच म्हणतात.

“हव, बीर. घरींच करतात म्हणे. भिजवायचें, फडक्यांत बांधून मोड आणायचे. किंचित कडू लागतें, तेंच त्याला आवडतें म्हणतात.”

तेवढ्यात लाइन तुटली. मागे रांग होती, पुन्हा लावायला बूथवाल्याने नाही म्हटलं.

त्या रात्री तुम्ही जेवला नाहीत, असं मामी म्हणाल्या. साहजिक आहे. पोरगी पिणाऱ्यांच्या घरात पडली, आणि पिणारेही असे की स्वयंपाकघरात करून पितात, विहीणबाई अभिमानाने कृती सांगतात. सुगुणाला सरळ विचारायची तुम्हाला लाज. पुढच्या फोनला बूथमधल्या लोकांदेखत तुम्ही आडून विचारलंत की जावयाच्या आवडीचं तिकडे रोज असतं का. ती म्हणाली, रोज कुठलं, रविवारी. तुम्ही म्हणालात, बरं. मामा, मला या ‘बरं’चं अजून नवल वाटतं. दुसरा कोणी असता तर पुण्याची गाडी पकडून आला असता आणि मुलीला घेऊन गेला असता. तुम्ही मनाशी म्हणालात की मुलगी दिली आहे, पहिली दिवाळी आहे, जावयाचं आवडतं या घरात झालं पाहिजे. विकत आणणं तर शक्यच नव्हतं. ज्या दुकानांची मापं तुम्ही तपासलीत त्या दुकानांसमोर उभं राहून बाटली मागणार? आणि त्यांच्याकडे घरी करतात म्हटल्यावर विकतची देणं म्हणजे तंजावूरची नाचक्की.

कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन तुम्ही विश्वकोशातलं पान वाचून आलात. बार्ली हवी असं त्यात होतं. बार्ली तुमच्याकडे आजाऱ्याला पाणी करून द्यायला मिळते, ती आणलीत. भिजवलीत, फडक्यात बांधलीत, मोडाची वाट बघत बसलात. ती पॉलिश केलेली, तिला कसले मोड येणार. वास सुटला. मामींनी ती नारळाच्या मुळाशी ओतली आणि म्हणाल्या, देवाची इच्छा नाही. तुम्ही म्हणालात, देवाचा यांत काय संबंध, धान्य चुकलें.

मग नाचणी. हिला मात्र सुरेख मोड आले. गच्चीवर तुमच्या जुन्या वेष्टीवर, म्हणजे धोतरावर, वाळवलीत, गिरणीवाल्याला नातवंडासाठी सत्त्व करतोय असं सांगितलंत, तेव्हा नातवंडाचा पत्ता नव्हता. पण आंबवायचं कशाने? मामींना आंबवणं ठाऊक होतं ते दोशाच्या पिठाचं, म्हणून एक डाव पीठ त्यांनी त्यात सोडलं. दोन दिवसांनी तुम्ही चाखलंत. मामी म्हणाल्या, तुमचा चेहरा असा झाला की त्यांना आधी वाटलं काही चावलं. “हें आंबट झालें,” तुम्ही म्हणालात. “आंबवलें तर आंबट होणारच कीं,” मामी म्हणाल्या. आपल्या भाषेत दोन्हीला एकच शब्द, दोष द्यायचा कोणाला?

तिसऱ्या खेपेला बेकरीतून यीस्ट आणलंत, गूळ घातलात. कडूपणासाठी विश्वकोशातलं ते हॉप्सचं फूल आपल्या देशात कुठे मिळणार, तर तुम्ही मामींच्या डब्यातली वाळवलेली वेपम्पू, म्हणजे रसमात घालायची कडुनिंबाची फुलं, ओंजळभर टाकलीत. लोणच्याच्या भरणीत ते बुडबुडायला लागलं. आणि इथे तुमच्यातला निरीक्षक जागा झाला. दूधवाल्याला धाक म्हणून घरात एक लॅक्टोमीटर होता, तो तुम्ही रोज त्यात सोडायला लागलात. पाणी घातलेल्या दुधात तो खाली जातो, तसा या भरणीत तो दिवसेंदिवस खालीच जायला लागला. गुळाची गोडी उतरते म्हणून तसं होतं हे तुम्हाला मी पुढे सांगितलं. तेव्हा तुम्ही मामींकडे संशयाने बघून विचारलंत, “यांत पाणी कोण घालतें?” मामी दिवसभर तुमच्याशी बोलल्या नाहीत.

बुचं लावायचं यंत्र नव्हतं, म्हणून गोळीसोड्याच्या बाटल्या. ही तुमची अक्कल मला आजही मान्य आहे. भरून उलट्या करायच्या, गोळी आपोआप तोंडाशी येऊन बसते. वाळूच्या बादलीत उलट्या खोचून, कोणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून न्हाणीघरात, पाणी तापवायच्या तांब्याच्या बंबामागे तुम्ही त्या लपवल्या. शेजाऱ्यांना ताकास तूर लागू दिली नाहीत. कोणी वासाबद्दल विचारलं तर कषाय, म्हणजे काढा करतोय, सांध्यांसाठी.

मग आम्ही आलो. “वेलकम, मिस्टर विवेक.” मी मनात म्हटलं, झालं सुरू.

दिवाळीच्या पहाटे मामींनी मला तेल लावलं. पहिला मान जावयाचा, म्हणून मी टॉवेल गुंडाळून, कपाळावरून तेल गळत, न्हाणीघराकडे निघालो. तुम्ही बंब पेटवून ठेवला होता, सणाचा म्हणून जरा जास्तच. गल्लीत फटाक्यांना ऊत आला होता. मी दाराशी पोचलो आणि आत एक आवाज झाला. मला वाटलं कोणी पोराने फटाका आत टाकला. दुसरा झाला. मी वाकून बघायला गेलो, तर मागून कोणीतरी दंड धरून मला असं ओढलं की मी तुळशीपाशी जाऊन बसलो.

“अरे आंत जाऊं नक्को! इकडे ये. इकडेच बस रे. लागलें कां तुज? हात दाखव. दुसरा दाखव.”

तुम्ही होतात. मामा, तुम्ही माझ्या तेलकट हातावर काचा शोधत होतात. आत एकामागून एक बाटल्या फुटत होत्या. बाहेर गल्लीत लवंगी लागली होती, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही. “मजला ठावें नव्हतें रे, असें फुटेल म्हणून,” तुम्ही म्हणत होतात. माझं लक्ष बाटल्यांकडे नव्हतंच. मी तुमच्या ‘अरे’कडे बघत होतो. मला इतका आनंद झाला होता की खरोखर काच लागली असती तरी चाललं असतं.

आवाज थांबल्यावर तुम्ही भानावर आलात. वेष्टी सारखी केलीत. “आय ॲम व्हेरी सॉरी, मिस्टर विवेक,” म्हणालात. “युअर बिअर इज गॉन.”

“कसली बिअर?” मी विचारलं.

“युअर मदर टोल्ड अस. युअर फेवरिट.” मग बोटांवर मोजत सांगितलंत की भिजवायचं, फडक्यात बांधायचं, मोड आणायचे, कडवट चव, घरीच करतात.

आणि मला कळलं. बिरडं. कडव्या वालांचं बिरडं. पेणला आमच्याकडे रविवारी होतं, मी पातेलं चाटून पुसून खातो. आईने तेच सांगितलं होतं. तंजावूरला तो शब्दच नाही, आणि त्या खरखरीत ‘ध’चा ‘मा’ झाला. तुमच्या मागे सुगुणा उभी होती, तिलाही त्याच क्षणी कळलं. तिने ओठ दाताखाली धरले आणि माझ्याकडे बघितलं.

मामा, हसू माझ्या दातांपर्यंत आलं होतं. तुम्हाला कल्पना नाही किती आलं होतं. पण तुमचा चेहरा मी त्या पंगतीत बघितला होता. पेणच्या आणखी एका माणसाने तुमच्या अंगणात, तुमच्याच चुकीच्या शब्दावरून हसायचं तेवढं बाकी होतं. मी विचारलं, “एखादी राहिली आहे का?”

एक राहिली होती. वाळूत खोल रुतलेली. तुम्ही ती फडक्यात धरून बाहेर आणलीत, अंगठ्याने गोळी दाबलीत, अर्धी माझ्या अंगावर उडाली, उरलेली लोट्यात. ऊन ऊन होती. मी आयुष्यात पहिल्यांदा बिअर पीत होतो, तीही पहाटे, अंगाला तेल लावून, सासू-सासऱ्यांच्या समोर. कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच, तसं ते गुळात घातलेलं कडुनिंब होतं. त्याला एक नाचणीच्या भाकरीचा वास होता, तो मात्र बरा होता.

“कसें आहे?” तुम्ही विचारलंत. इंग्रजी विसरला होतात.

“मामा, कडू आहे.”

“हव. तुला कडू आवडतें म्हणाल्या.”

“छान आहे,” मी म्हणालो. मला तुलनेला दुसरी बिअर ठाऊकच नव्हती, तेव्हा ते खोटंही म्हणता येणार नाही. तुम्ही सुटकेचा श्वास सोडलात आणि म्हणालात, “मग थोडी राहूं दे. मीही बघतों.” तुम्ही एक घोट घेतलात, डोळे मिटलेत आणि मामींना म्हणालात, “माप बरोबर आहे. फुलें जास्ती झालीं.”

त्या दिवसापासून मी ‘अरे’ झालो, आणि तुमचा शागीर्दही. दर दिवाळीला तुम्ही नवी खेप लावायचात. मी पुण्याहून यीस्ट आणायचो, बूच बसवायचं यंत्र आणलं, एकदा चक्क खरी थंड बिअर एका हॉटेलात पिऊन आलो, म्हणजे तुम्हाला सांगता येईल. तुम्ही विचारलंत, आपल्याहून बरी? मी म्हटलं, गार होती. तुम्ही म्हणालात, गार केल्यावर पन्नीर सोडाही, म्हणजे गुलाबपाण्याचा, बरा लागतो. दोन-तीन दिवाळ्यांनी आपली बिअर पिण्याजोगी झाली, हे मी निःपक्षपातीपणे सांगतो. नवरा-बायकोंत मुलांवरून वाद होतात, आपल्यात त्या पहिल्या स्फोटावरून. तुमचं म्हणणं, बंबाच्या आचेने फुटल्या. माझं म्हणणं, तुम्ही बाटलीत भरतानाही गूळ घातलात, बंब नसता तरी फुटल्या असत्या. गेल्या रविवारच्या आदल्या रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, “पुढच्या खेपेस तूं आल्यावर बंबाशिवाय एक ठेवून बघूं.” ठीक आहे म्हटलं. आता ते कसं बघायचं? तुम्ही वाद अर्धा टाकून जाणारे नव्हतात.

मी तुमची मराठी बोलायला लागलो तेही याच भरणीपाशी. मी म्हटलं, “मामा, मला झोप होणें.” तुम्ही हसलात ते ठसका लागेपर्यंत. “झोप येते रे. पाणी होणें, भात होणें. झोप होणें म्हणून कोण म्हणतो?” मी चुकायचो, तुम्ही हसायचात, मामी आतून विचारायच्या काय झालं, आणि तुम्ही माझी चूक त्यांना जशीच्या तशी सांगायचात. मला वाईट वाटायचं नाही. हसणं हसणं यातही फरक असतो.

एक गोष्ट मात्र आपण कधी बोललो नाही. मला आज ती सगळ्यात जास्त टोचते आहे. आमच्या मुलीच्या बारशाला तुम्ही पेणला आलात. लग्नानंतर पहिल्यांदाच. भाऊकाका समोरच्या पानावर. आईने वाढायला घेतलं आणि म्हणाली, “व्याही, हे घ्या, विवेकचं आवडतं बिरडं. त्या दिवाळीला मी फोनवर सांगितलं होतं ना, तेच. जमलं होतं का हो विहीणबाईंना?”

मी जेवायचा थांबलो. मामी गोंधळून तुमच्याकडे बघायला लागल्या. तुम्ही पानातल्या वालाकडे बघितलंत. एक उचललात, त्याचा आलेला मोड नीट न्याहाळलात, तोंडात घातलात. मग माझ्याकडे बघितलंत. तुम्हाला सगळं कळलं होतं आणि मला आधीपासून ठाऊक होतं हेही कळलं होतं. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस पुन्हा ‘मिस्टर विवेक’ म्हणणार, या वेळी कायमचा.

तुम्ही पान पुढे सरकवलंत. सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात आईला म्हणालात, “आणखी होणें.”

भाऊकाकांनी तोंड उघडलं होतं. आईने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि ते मिटलं. मग तिने तुमच्या पानात दोन पळ्या बिरडं वाढलं.

जेवून आपण ओटीवर बसलो. मी वाट बघत होतो, तुम्ही काही बोलाल. तुम्ही सुपारी कातरत होतात. म्हणालात, “वाल चांगले होते.” बस. आणि पुढच्या दिवाळीला आम्ही आलो तर भरणीत नाचणी बुडबुडत होती. का, मामा? मला बिअरचं वेड नव्हतं हे तुम्हाला कळलं होतं. मामींनी त्या वर्षी बिरडंही केलं, तुमच्याकडच्या मोच्च्याचं, म्हणजे तिकडच्या वालाचं, तेव्हा दोन्ही झालं. मी विचारायचं टाळलं, तुम्ही सांगायचं टाळलंत. कधी वाटतं, तुम्हालाच ती आवडायला लागली होती. कधी वाटतं, मी त्या पहाटे हसलो नाही त्याची ती पोच होती. मी हे तुम्हाला विचारणार होतो. निवांत, केव्हातरी. मामी गेल्यावर तुम्ही एकटे झालात, दर रविवारी मी फोन करायचो, तेव्हाही विचारू शकलो असतो. आपण गुळाबद्दल बोलत बसलो.

थँक्यू म्हणायची आपल्या दोघांच्याही मराठीत पद्धत नाही, नाहीतर म्हटलं असतं. मला बाप नव्हता आणि तुम्ही मला न विचारता ती जागा भरलीत, दंडाला धरून, तुळशीपाशी आपटून.

आज मी घर धुंडाळलं. काही राहिलं असेल असं वाटलं होतं. काही नाही. भरणी धुऊन पालथी घातलेली, शेजारच्यांनी सगळं स्वच्छ केलंय. मघाशी श्रीधर अंगणात एकटा उभा होता. मी न ठरवता त्याला विचारलं, “जेवून घेतोस कां रे? काय होणें तुला?” तो म्हणाला, “यू कॅरी ऑन, आय ॲम फाइन.” तो लहानपणापासून तमिळमध्येच बोलला, आता इंग्रजीत. त्याला कळतं सगळं, पण जीभ वळत नाही. सुगुणाने पुण्यात आल्यावर वर्षभरात तुमची मराठी धुऊन टाकली, कोणी हसायला नको म्हणून. मी तिला कधी दोष दिला नाही. माझं बोलणं ऐकून ती आत्ता आत निघून गेली. आमची लेक तर मला म्हणते, बाबा, तुम्ही असं विचित्र काय बोलता?

म्हणजे या घरात ती बोलणारा आता मी एकटा, पेणचा. आणि मला ती अर्धीच येते.

लिहिता लिहिता उठलो. न्हाणीघराच्या दाराशी गेलो. कोणी जवळ नव्हतं, तेव्हा तुम्हाला हाक मारली आणि मोठ्याने तुमच्या मराठीत बोललो, की गूळच जास्ती झाला होता, आता तरी मान्य करा. दुसऱ्या वाक्यात क्रियापद चुकलं. मलाच कळलं. मी बोलायचा थांबलो आणि तिथेच उभा राहिलो. कोणी हसलं नाही.